इंदूरच्या गच्चीवरून स्पेस स्टेशन आणि त्याच्या मागावरचं ड्रॅगन कसं बघायचं

दिवाळीनंतर आकाश मोकळं झालं की दुर्बीण-बिर्बीण काही न घेता स्पेस स्टेशन दिसतं, आणि वेळ जुळली तर त्याला सामान पोचवणारं स्पेसएक्स कंपनीचं ड्रॅगन यानपण दिसू शकतं. कसं ते सांगते.

आधी नासाचं स्पॉट द स्टेशन अ‍ॅप टाका, लोकेशन इंदूर द्या. वेळा बहुतेक दिवेलागणीनंतरच्या नाहीतर पहाटेच्याच येतील, कारण खाली आपल्याकडे अंधार आणि वर ४०० किमीवर अजून ऊन, असं असेल तेव्हाच ते चमकतं. किती अंश उंच जाणार तेही लिहिलेलं असतं, ४० च्या खालचे सोडूनच द्या, राजवाड्याकडे राहत असाल तर समोरची घरंच आडवी येतील. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश, क्षितिजापासून चार मुठी मोजायच्या.

दहा मिनिटं आधी वर जा, मोबाईल खिशात, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. ते पश्चिमेच्या अंगाने येतं आणि आपलं एअरपोर्टही तिकडेच, त्यामुळे आमच्याकडे पहिल्यांदा सगळे विमान बघूनच ओरडले होते. विमानाचे दिवे लुकलुकतात, स्टेशन लुकलुकत नाही, एकसारखं सरकत जातं आणि पाचेक मिनिटांत संपतं. संध्याकाळी मधेच विझलं तर ते पृथ्वीच्या सावलीत गेलं समजा.

आता ड्रॅगन. मला त्याचंच जास्त वेड आहे, कारण सामान नेणारी दुसरी यानं, रशियाचं प्रोग्रेस किंवा अमेरिकेचं सिग्नस, माल उतरवला की कचरा भरून वातावरणात जळून जातात, आणि हे मात्र प्रयोगांचे नमुने, बिघडलेलं सामान घेऊन पॅराशूटने समुद्रात उतरतं, तपासून पुन्हा उडवतात. २०१४ मध्ये जाऊन आलेली कॅप्सूल जून २०१७ ला परत स्टेशनवर गेली, तेव्हापासून हे सुरू झालं. ट्रंक, म्हणजे कॅप्सूलला मागे जोडलेला भाग, तेवढा दर वेळी सोडून द्यावा लागतो. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही असं आजी म्हणायची, मला दर वेळी तेच आठवतं.

तर कार्गो ड्रॅगन (सामान नेणारं ड्रॅगन) सुटल्याची बातमी आली की लगेच अ‍ॅप उघडा, पोचायला बहुतेक एक-सव्वा दिवस लागतो, त्या मधल्या वेळेत इंदूरवरून फेरी असेल तर स्टेशन गेल्यावर लगेच खाली उतरू नका, त्याच वाटेवर आगेमागे फिकट ठिपका शोधा, साधी बायनॉक्युलर असली तर बरं, सांवेरकडे कुणाचं शेत असेल तर अजून छान. एकदा जोडलं गेलं की पुढच्या फेरीला दोन ठिपक्यांचा एकच झालेला असतो.