फूल भाद्रपदात ओळखा, भाजी आषाढात खुडा

रानभाजी शिकायची म्हटलं की लोक पहिल्या पावसानंतर पिशवी घेऊन निघतात. माझं सांगणं उलटं आहे. सुरुवात भाद्रपदात करा, आणि त्या वर्षी काहीच खुडू नका. टाकळा, कुर्डू ह्या भाज्या खायच्या कोवळ्या, फूल यायच्या आधी, पण झाडाची खात्री पटते ती फुलावर, टाकळ्याची शेंगेवरही. खायच्या दिवसांत ओळख सगळ्यात अवघड असते.

माझं माहेर जावळी तालुक्यात, मेढ्याच्या बाजूला. आईनं मला टाकळा दाखवला तो पिवळा फुललेला असताना, गौरी-गणपतीच्या सुमारास. "हितं ध्यानात ठेव," एवढंच म्हणायची. शेंगा वाळून बी तिथंच सांडतं, त्यामुळे पुढच्या आषाढात त्याच बांधावर रोपं वर येतात. फुलावर पटलेली ओळख अशी कोवळ्या पानापर्यंत नेता येते. आता साताऱ्यात शेजारच्या बायकांना मी असंच शिकवते. एका वर्षी एकच भाजी.

टाकळ्यापासूनच सुरुवात करा, कारण तो सगळीकडे उगवतो आणि त्याच्या जवळ जाणारं झाडही सगळीकडे असतं. पान हातात घ्या. एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात, टोकं गोलसर, देठाकडं निमुळती. सगळ्यात खालच्या जोडीच्या मधोमध बघा, टाचणीच्या टोकाएवढी नारिंगी गाठ दिसेल. संध्याकाळी ही पानं मिटतात, म्हणून ओळखायला सकाळी जावं. शेंग लांब, बारीक, जराशी वाकडी. आता कासविंदा, टाकळ्यासारखं दिसणारं ते झाड. त्याच्या जोड्या बहुधा चार-पाच, पानाचं टोक अणकुचीदार, आणि ती गाठ पानांच्या मध्ये नसून देठाच्या अगदी बुडाशी असते. पान चुरगळलं की उग्र वास येतो. उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी शोधून काढलं आहे. म्हणून जोड्या मोजल्याशिवाय पिशवीत पान टाकायचं नाही, हे मी मुलींना पहिल्याच दिवशी सांगते.

दुसऱ्या वर्षी घोळ घ्या. जाड, रसाळ पानं, तांबूस गुळगुळीत काडी, जमिनीलगत पसरलेली, बारीक पिवळी फुलं. तिच्या शेजारीच दुधी नावाच्या तणाची (दुधी भोपळा नव्हे) एक जात तशीच पसरते. काडी मोडा, पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, फेकून द्या आणि हात धुवा. पण चीक म्हणजे विष असा नियम करून घेऊ नका. पाथरीलाही चीक असतो आणि पाथरी आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो. एका भाजीची खूण दुसरीला लावली की घात होतो. घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं, मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

फोडशीसारख्या गवती पातीच्या भाज्या मात्र पहिली काही वर्षं एकट्यानं काढूच नका. त्याच दिवसांत, तशाच ओल्या उतारावर कोळकांदा फुटतो आणि कळलावीही. दोन्ही विषारी. कळलावीच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं, पण कोवळ्या कोंबावर ते सहज नजरेतून सुटतं. तिचा कंद पोटात गेला तर जीव जातो. कंद खणायचाच नाही, हा माझा नियम आहे, आणि फोडशीचीही पातच कापायची, मूळ जमिनीत ठेवायचं.

अळंबी मी शिकवत नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का बघा, लसूण टाकून बघा, किडीनं खाल्ली म्हणजे चांगली, ह्यातलं एकही खरं नाही. काही अळंब्यांचं विष शिजवूनही जात नाही.

कुठं खुडायचं हेही तितकंच महत्त्वाचं. कराड, वाळव्याकडच्या उसाच्या फडाकडेला तण माजलेलं दिसतं, पण तणनाशक मारल्यावरही पहिले काही दिवस पानं हिरवीगार असतात. तासगावच्या द्राक्षबागेच्या कडेचंही तसंच, फवारा तिथवर पोचतोच. शेतमालकाला आधी विचारा, काय मारलं आणि कधी. गटाराच्या, रस्त्याच्या कडेची भाजी नकोच. कासच्या पठारावर, कोयना-चांदोलीच्या जंगलात पानाला हात लावू नका. तिथं बघा, फोटो काढा आणि परत या.

मोबाईलमधलं झाड ओळखणारं ॲप नाव सुचवतं, ठीक आहे. पण त्याच्या भरवशावर ताटात काही येता कामा नये. गावातल्या म्हाताऱ्या बाईला पान नेऊन दाखवा, आणि ती "हाय की" म्हणाली तरी कशावरून ते विचारा. खूण बोटानं दाखवता आली तरच ती ओळख.

नवीन भाजी पहिल्यांदा दोन घासच खा, एका वेळी एकच नवीन, आणि ओळखलेल्या झाडाची एक फांदी दुसऱ्या दिवसापर्यंत वेगळी ठेवा. गरोदर बाईला, लहान मुलांना देऊ नका. उलट्या, भोवळ, बोलताना जीभ जड होणं असं काही वाटलं तर मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका. 108 ला फोन करा आणि ती फांदी दवाखान्यात सोबत न्या.

टाकळा करायचा तर फक्त शेंड्याची पानं घ्या, दोन-तीन पाण्यांनी धुवा, एक उकळी आणून ते पाणी ओतून द्या. त्यानं उग्रपणा जातो आणि पोटही ढळत नाही, कारण टाकळा मुळात रेचक आहे. मग तेलात भरपूर लसूण, हिरवी मिरची, कांदा, भिजवलेली मूगडाळ, पिळून चिरलेला पाला, आणि उतरवताना ओलं खोबरं. सोबत ज्वारीची भाकरी.