निबंधाची पहिली ओळ सगळ्यात शेवटी लिहा
परदेशी कॉलेजच्या अ‍ॅप्लिकेशनचा निबंध लिहायला बसलं की बहुतेक जण "लहानपणापासून मला..." इथेच अडकतात, तर ती ओळ सोडूनच द्या आणि एकच प्रसंग घ्या, दहा मिनिटांचा असला तरी चालेल, त्यात तुम्ही काय केलंत, काय फसलं, नंतर काय वेगळं करायला लागलात ते मित्राला सांगतो तसं लिहून काढा. मार्क न बक्षिसं फॉर्ममध्ये असतातच, परत कशाला! कॉमन अ‍ॅपला (अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) २५० ते ६५० शब्द चालतात, पण पहिला ड्राफ्ट हजाराचा झाला तरी होऊ द्या, दोन दिवसांनी मोठ्याने वाचा आणि जिथे जीभ अडखळते (माझी तर दर दुसऱ्या वाक्याला) तिथे कात्री लावा. आणि हो, कॉपी-पेस्टमध्ये दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहिलं नाही ना तेवढं बघा.