वृद्धाश्रमातील परिचारिकांच्या मार्गदर्शनासाठी निधी कसा मागावा

वृद्धाश्रम चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेने, नव्या परिचारिकांना अनुभवी परिचारिकेचे मार्गदर्शन मिळावे म्हणून सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी खर्च करायचा निधी) मागताना, कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या अनुसूचीचा, म्हणजे अशा कामांच्या यादीचा, आधार घ्यावा. ज्येष्ठांसाठीच्या सुविधा आणि आरोग्यसेवा दोन्ही तिथे नमूद आहेत. मात्र 12ए (संस्थेची आयकर सवलत), 80जी (देणगीदाराची आयकर सवलत) आणि सीएसआर-1 (सीएसआर निधी घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंद) या नोंदण्या आधी पूर्ण कराव्यात. अंदाजपत्रकात मुख्य खर्च वेळेचा धरावा: शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळण्यासाठी आजीबाईंची कूस कशी बदलावी हे शिकवणारी सिस्टर त्या पाळीत स्वतःचे सर्व रुग्ण सांभाळू शकत नाही, म्हणून बदली परिचारिकेचा पगार आणि मार्गदर्शन भत्ता स्वतंत्र दाखवावा. देणगीदारांना पलंग देणे अधिक आवडते, कारण त्यावर नाव रंगवता येते. त्यामुळे मार्गदर्शनाची गरज त्यांना पटावी म्हणून प्रस्तावाला नोकरी सोडून गेलेल्या परिचारिकांची आणि शय्याव्रणांची गतवर्षीची नोंद जोडावी.