ऑफिसात आयपी फोन बसवताना: आधी वायर ओळखा, मग फोन जोडा

महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमधल्या जुन्या ऑफिसांच्या भिंतींत अनेकदा दोन पिढ्यांच्या वायरी असतात. लँडलाइन आणि इंटरकॉमसाठी ओढलेली तांब्याची जोडी, आणि नंतर आलेली लॅन केबल. नवे आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालणारे फोन, बसवायचे असतील तर निम्मं काम हा गुंता सोडवण्याचं आहे, म्हणून खोके उघडण्याआधी एक दिवस त्यालाच द्या.

जुन्या लाइनवर एरवी साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. रिंग येते तेव्हा त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी चढतो, आणि उघड्या टोकाला बोट लागलं तर चांगला झटका बसतो. टेलिफोनची छोटी पिन लॅनच्या सॉकेटात आरामात बसत असल्यामुळे ही लाइन चुकून नेटवर्क स्विचला (सगळ्या लॅन केबल जिथे एकत्र येतात त्या डब्याला) जोडली जाऊ शकते, आणि तेवढ्यात रिंग आली तर त्याचा पोर्ट, म्हणजे केबल खोचायची खाच, जळू शकतो. प्रत्येक सॉकेटवर आधी मल्टिमीटरने व्होल्टेज बघा, लाइन बंद असल्याची खात्री झाल्यावरच केबल टेस्टर लावा. दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा.

मग केबल. पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) स्विच असेल तर फोनला वीज लॅन केबलमधूनच मिळते, पीओईच्या ८०२.३एएफ मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देतो आणि साध्या टेबल फोनला तेवढं पुरतं. मात्र २४ पोर्टचा प्रत्येक स्विच एकाच वेळी सगळ्या पोर्टांना पूर्ण वीज देतोच असं नाही. त्याची एकूण वॉट क्षमता विकत घेण्याआधी बघा. स्वस्त केबलमध्ये अनेकदा तांब्याचा नुसता मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असतं. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. खाली पांढरी चमक दिसली तर ती केबल परत करा. पीओईवर अशा केबलचे गठ्ठे तापतात. स्विचपासून फोनपर्यंतचं अंतर १०० मीटरच्या आत ठेवा आणि केबल विजेच्या वायरींच्या पट्टीतून नेऊ नका. दोन शेडच्या मधून उघड्यावरून लाइन न्यायची असेल तर तिथे फायबरच टाका, कारण पावसाळ्यात आकाशातल्या विजेचा झटका तांब्यातून थेट उपकरणांत शिरतो.

फोनच्या मागे दोन सारखे दिसणारे पोर्ट असतात: एक नेटवर्कसाठी, दुसरा कॉम्प्युटरसाठी. दोन्हींच्या केबल भिंतीतल्या लॅन सॉकेटांत खोचल्या की नेटवर्कमध्ये लूप तयार होतो, म्हणजे तोच डेटा गोल गोल फिरत राहतो, आणि अख्ख्या मजल्याचं इंटरनेट ठप्प होऊ शकतं. स्विचवर लूप प्रोटेक्शन चालू करा. सुरुवातीला एकच फोन लावून दिवसभर चालवा, मग पुढचे.

आवाजासाठी स्विचवर वेगळा व्हीलॅन (त्याच केबलांवरचं स्वतंत्र आभासी नेटवर्क) करा आणि त्याला प्राधान्य द्या. एका कॉलला प्रत्येक दिशेने जेमतेम ९० केबीपीएस लागतात, पण मोठी फाइल डाउनलोड होत असताना प्राधान्य नसेल तर आवाज तुटतो.

यानंतरचं काम कोणीही टाळू नये, कारण इथे थेट पैसे जातात. फोनचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला, प्रत्येक एक्स्टेन्शनला (ऑफिसातल्या अंतर्गत नंबरला) वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवा. आयपी फोन कॉल जोडायला सिप नावाची पद्धत वापरतात. तिचा ५०६० पोर्ट (हा सॉफ्टवेअरमधला दरवाजा, केबलचा नव्हे) इंटरनेटवर उघडा ठेवू नका. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम अखंड फिरत असतात, आणि एकदा आत शिरता आलं की रात्रीतून परदेशी कॉल लावले जातात. बिल कंपनीच्या नावावर येतं. आयएसडी गरज असलेल्या एक्स्टेन्शनलाच द्या.

शेवटी डायलिंग. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावा लागतो. बाहेरच्या लाइनसाठीही तुमच्याकडे शून्यच असेल तर ते दोनदा दाबावं लागतं, आणि नवी माणसं तिथेच अडकतात. आपत्कालीन मदतीचा ११२ मात्र आधी कोणताही आकडा न लावता लागला पाहिजे. ते सिस्टिमच्या सेटिंगमध्ये तपासा, उगाच फोन लावून तिथली लाइन अडवू नका. स्विच, राउटर आणि ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज यूपीएसवर घ्या, म्हणजे वीज गेली तरी फोन चालू राहतील. रिसेप्शनच्या फोनजवळ पत्ता लिहून लावा. एमआयडीसीत नुसता प्लॉट नंबर पुरत नाही, आधीचं ब्लॉकचं अक्षरही लिहा.