टीव्हीवरची राजकीय मुलाखत कशी पाहावी? ॲलेक्स सॅमंड यांच्या निमित्ताने

एखाद्या नेत्याने पत्रकाराच्या प्रश्नाला उत्तर दिलं की टाळलं, यावर घरोघरी वाद होतात. हा वाद बऱ्याच अंशी तपासून सोडवता येतो. त्यासाठी स्कॉटलंडचं २०१४ सालचं एक प्रकरण मला फार उपयोगी वाटतं. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं का, यावर १८ सप्टेंबर २०१४ रोजी सार्वमत व्हायचं होतं. स्कॉटिश नॅशनल पार्टीचे नेते आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर (तिथल्या सरकारचे प्रमुख) ॲलेक्स सॅमंड स्वातंत्र्याच्या बाजूने प्रचार करत होते. मतदानाला आठवडा उरला असताना, ११ सप्टेंबरला एडिनबरामध्ये त्यांनी देशोदेशींच्या पत्रकारांसमोर पत्रकार परिषद घेतली. तिथे बीबीसीचे राजकीय संपादक निक रॉबिन्सन यांनी त्यांना प्रश्न विचारला आणि खटका उडाला.

आधी मूळ चित्रीकरण, मग बातमी

बातमीत दिसतो तो तुकडा असतो आणि तो कुणीतरी निवडलेला असतो. म्हणून पत्रकार परिषदेचं किंवा मुलाखतीचं सलग चित्रीकरण मिळतं का, ते आधी बघा. सॅमंड-रॉबिन्सन प्रसंगाचं असं चित्रीकरण उपलब्ध होतं. म्हणूनच लोकांना बीबीसीची बातमी त्याच्याशी ताडून बघता आली. सलग चित्रीकरण मिळत नसेल, तर निदान मत बनवायची घाई करू नका.

प्रश्नाची फोड करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, इथे वेळ द्या. कागद घ्या आणि प्रश्न जसाच्या तसा उतरवून काढा. पत्रकार बहुधा एका दमात दोन-तीन प्रश्न विचारतात. रॉबिन्सन यांच्या प्रश्नातही दोन भाग होते. स्कॉटलंड स्वतंत्र झाला तर रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आपलं नोंदणीकृत कार्यालय लंडनला हलवणार, अशी बातमी आदल्या रात्री आली होती. त्यावरून त्यांनी विचारलं की, यामुळे स्कॉटलंडच्या करउत्पन्नाचं काय होईल? दुसरा भाग असा: अब्जावधींचा नफा सांभाळणाऱ्या उद्योगपतींऐवजी मतदाराने तुमच्यासारख्या राजकारण्यावर विश्वास का ठेवावा?

आता कागदाच्या दुसऱ्या बाजूला उत्तर मांडा. कंपनी कर नोंदणीच्या पत्त्यावर नव्हे, तर व्यवसाय प्रत्यक्ष कुठे चालतो त्यावर ठरतो, असं सॅमंड यांनी सांगितलं. नोकऱ्या आणि कामकाज हलवण्याचा इरादा नाही, हे बँकेनेच आपल्या कर्मचाऱ्यांना कळवल्याचा दाखला त्यांनी दिला. मग त्यांनी मोर्चा दुसरीकडे वळवला: बाजारावर परिणाम करणारी ही माहिती ब्रिटनच्या अर्थखात्यातून बीबीसीकडे फुटली कशी, याची चौकशी व्हायला हवी. रॉबिन्सन मध्येच बोलत राहिले, सॅमंडही मागे हटले नाहीत.

कागदाकडे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. पहिल्या भागाचं उत्तर आलं, तेही तपशीलवार. विश्वास का ठेवावा, या दुसऱ्या भागाला थेट उत्तर आलं नाही. माहिती फुटल्याचा मुद्दा महत्त्वाचा होता, पण तो विचारलेला नव्हता. ‘उत्तर’, ‘बगल’ आणि ‘उलट प्रश्न’ असे तीन रकाने केलेत तर कुठल्याही नेत्याचं बोलणं असं वेगळं काढता येतं.

मग बातमी बघा आणि शब्दांवर बोट ठेवा

रात्रीच्या बातम्यांत विश्वासाबद्दलचा प्रश्न तेवढा दाखवला गेला आणि त्यावर रॉबिन्सन यांच्या आवाजात वाक्य आलं की, त्यांनी उत्तर दिलं नाही. कराबद्दलचं सगळं उत्तर प्रेक्षकांच्या नजरेआड झालं. माझ्या मते ही चूक गंभीर होती, कारण मतदानाला मोजके दिवस उरले होते आणि लोक ज्या वाहिनीवर भरवसा ठेवतात तिथेच ती घडली. आपली शब्दयोजना बरोबर नव्हती, हे रॉबिन्सन यांनी पुढे मान्य केलं. १४ सप्टेंबरला बीबीसीच्या ग्लासगोतील पॅसिफिक की इथल्या मुख्यालयाबाहेर हजारो लोक जमले. रॉबिन्सन यांना काढून टाका, अशी मागणी करणारा भलामोठा फलकही त्यात होता. बातमीतली चूक दाखवणं हा प्रेक्षकाचा हक्कच आहे. पण एका वाक्यासाठी पत्रकाराची नोकरी मागणं मला अजिबात पटत नाही. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा.

‘कोण जिंकलं’ याच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका

सार्वमताच्या आधी, २०१४ च्या ऑगस्टमध्ये सॅमंड आणि स्वातंत्र्यविरोधी बाजूचे ॲलिस्टर डार्लिंग टीव्हीवर दोनदा समोरासमोर आले. ५ ऑगस्टच्या एसटीव्ही या स्कॉटिश वाहिनीवरील चर्चेत स्वतंत्र स्कॉटलंडचं चलन कोणतं, यावर डार्लिंग यांनी सॅमंड यांना पेचात पकडलं. आयसीएम या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या झटपट चाचणीत डार्लिंग ५६ विरुद्ध ४४ असे पुढे होते. २५ ऑगस्टला बीबीसीवर सॅमंड व्यासपीठामागून बाहेर येऊन श्रोत्यांकडे तोंड करून बोलले, आणि पारडं ७१ विरुद्ध २९ असं त्यांच्याकडे झुकलं. सार्वमतात मात्र स्वातंत्र्याच्या विरोधात ५५.३ टक्के मतं पडली. चर्चा गाजवणं वेगळं आणि मत मिळवणं वेगळं.

वृत्तपत्राच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवा

ब्रिटनच्या २०१५ च्या संसदीय निवडणुकीआधी, ३० एप्रिलला ‘द सन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने स्कॉटलंडमधल्या आवृत्तीत सॅमंड यांच्या उत्तराधिकारी निकोला स्टर्जन यांना विज्ञानपटातल्या नायिकेच्या वेशात पहिल्या पानावर छापून त्यांच्या पक्षाला पाठिंबा दिला. त्याच दिवशी लंडनच्या आवृत्तीत तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन नवजात बाळाच्या रूपात होते, आणि स्टर्जन यांच्या पक्षाला रोखण्यासाठी कॅमेरन यांना मत द्या, असं आवाहन होतं. मालक एकच, तारीखही एकच. बातमी कुठल्या वाचकासाठी शिजवली आहे, हे यातून दिसतं.

मंच कुणाचा, तेही विचारा

नेत्याचीही अशीच तपासणी करा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सॅमंड यांनी आरटी या रशियन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. स्टर्जन यांनीही या वाहिनीच्या निवडीबद्दल उघड नापसंती व्यक्त केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तो कार्यक्रम थांबला. बीबीसीला निःपक्षपातीपणाची कसोटी लावणाऱ्या नेत्याने हा मंच निवडावा, याचं मला वाईट वाटतं. पण त्यामुळे ११ सप्टेंबरला त्यांनी कराबद्दल दिलेलं उत्तर पुसलं जात नाही, ते तुमच्या कागदावर आहे तसंच राहू द्या.