डेनारियस घेताना आधी कड पाहावी
रोमन सम्राटांचा चांदीचा डेनारियस घेताना सम्राटाच्या चेहऱ्यावर भाळण्याआधी नाण्याची कड भिंगाखाली सावकाश फिरवून पाहावी, कारण साच्यात ओतलेल्या नकलेची जोडरेषा बहुधा तिथेच सापडते आणि चांदीचा पातळ पत्रा चढवलेल्या नाण्याचा हिरवट-तांबूस गाभाही तिथेच उघडा पडतो. (असे मुलाम्याचे उद्योग रोमन काळातही चालत, त्यामुळे ते नाणे प्राचीन असूही शकते; पण अस्सल चांदीचा भाव त्याला देऊ नये.) मग वजन करावे. नीरोने इ. स. ६४च्या सुमारास वजन घटवल्यानंतरचे, ट्राजान किंवा हेड्रियनच्या काळातले चांगले नाणे साधारण ३ ते ३.५ ग्रॅम भरते. बरेच हलके भरल्यास गाभ्याची शंका घ्यावी. काळपट थर मात्र चिंचेने किंवा पावडरीने घासून काढू नये, त्याने अक्षरांची धार बोथट होते आणि जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवते.