रबराचा पट्टा: आधी लग मोजा, रंग नंतर

भारी स्पोर्ट्स घड्याळाला रबराचा पट्टा घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. पट्टा फसतो तो मात्र केसला (घड्याळाच्या धातूच्या डबीला) लागून असलेल्या पहिल्या दोन सेंटिमीटरमध्ये. चामडं वापरून वापरून आकार घेतं, रबर घेत नाही. पहिल्या दिवशी जसं बसलं तसंच पुढे राहतं. म्हणून आधी माप.

केसला वर दोन आणि खाली दोन अशी जी शिंगं असतात ती लग. वरच्या किंवा खालच्या दोन लगांच्या आतल्या कडांमधलं अंतर डिजिटल व्हर्निअरने मोजा. फूटपट्टी इथे कामाची नाही. 20 आणि 21 मिमीमधला फरक डोळ्याला दिसत नाही, पट्ट्याला कळतो. एकाच नावाच्या घड्याळाचं मापही बदलतं. रोलेक्स सबमरीनरच्या लगांमध्ये वर्षानुवर्षं 20 मिमी अंतर होतं, 2020 मध्ये केस 41 मिमीची झाली आणि ते 21 झालं. त्यामुळे नुसत्या नावावरून मागवू नका, त्या मॉडेलचा संदर्भ क्रमांक (रेफरन्स नंबर) बघा.

1 मिमी अरुंद पट्टा घातला तर कडेला फट दिसते आणि पट्टा पिनवर (लगांच्या छिद्रांत बसून पट्टा धरणारी स्प्रिंगची बारीक दांडी) डावीकडे-उजवीकडे सरकत राहतो. 1 मिमी रुंद पट्टा दाबून बसतो, आणि तोच जास्त धोक्याचा. रबर चेपलं की कडा फुगते, लगला आतून घासते आणि पिनचं टोक छिद्रात पूर्ण गेलंय की अर्धवट अडकलंय हे समजत नाही.

मग टोकाचा आकार. सरळ टोकाचा पट्टा योग्य रुंदीच्या बहुतेक घड्याळांना चालतो, फक्त केस आणि पट्टा यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा दिसते. गोलाईचं टोक केसला चिकटून बसतं, घड्याळ आणि पट्टा एकसंध दिसतात. पण ते त्या एकाच मॉडेलसाठी घडवलेलं असतं. ‘22 मिमी, सगळ्यांना बसेल’ असं लिहिलेला गोल टोकाचा पट्टा सोडून द्या. गोलाई अर्धा मिलिमीटर जरी चुकली तरी रबर केसवर रेटतं, पट्टा खाली वळायच्या ऐवजी आडवा ताठ उभा राहतो आणि मनगट बारीक असेल तर दोन्ही बाजूंना पंख फुटल्यासारखे दिसतात. रॉयल ओक, नॉटिलस यांसारख्या, पट्टा केसमध्येच सामावलेल्या घड्याळांना तर बाजारातला सर्वसाधारण पट्टा बसतच नाही. त्यांना कंपनीचा किंवा खास त्या मॉडेलसाठी बनवलेलाच हवा.

पिनकडे कोणी बघत नाही, आणि घड्याळ लटकलेलं असतं तिच्यावरच. पिनांची जाडी साधारण 1.5 ते 2.5 मिमी असते. डायव्हर घड्याळांना जाड पिना असतात, तर झटपट सुटणाऱ्या खिट्टीच्या पट्ट्यांमध्ये बहुधा बारीक. लगमधलं छिद्र मोठं आणि पिनचं टोक बारीक असेल तर पट्टा खुळखुळतो आणि झटका बसला की पिन निसटते. घड्याळाच्या मूळ पिना जाणारा पट्टा मिळत असेल तर तोच घ्या. खिट्टीची सोय छान आहे, पण पोहायला आणि समुद्रात जाणाऱ्या घड्याळाला मूळ जाड पिनच बरी.

लांबीसाठी मनगटाचा घेर मोजून अंदाज बांधण्यापेक्षा सोपा उपाय आहे. सध्याचा नीट बसणारा पट्टा काढून सपाट ठेवा. बकलकडचा तुकडा लगच्या पिनपासून बकलच्या पिनपर्यंत मोजा, लांब तुकडा लगच्या पिनपासून वापरातल्या भोकापर्यंत. समजा 75 आणि 58 मिमी आले, तर बेरीज 133. नव्या पट्ट्यात या बेरजेच्या आसपास भोक आहे का आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे आणखी दोन आहेत का, एवढं पाहा. पट्टे साधारण 75 आणि 115 किंवा 80 आणि 120 अशा जोडीत येतात. आखूड तुकडा गरजेपेक्षा मोठा निघाला तर बकल मनगटाखाली मधोमध राहत नाही, बाजूला सरकतं आणि टेबलावर हात टेकला की टोचतं. वापरातलं भोक कोणतं ते संध्याकाळी ठरवा, तेव्हा मनगट थोडं सुजलेलं असतं. भोकांमधलं अंतरही बघा. 7 मिमीपेक्षा 5 मिमी अंतर सोयीचं, कारण रबर ताणून ‘अर्धं भोक’ काढता येत नाही.

कापून बसवायचे पट्टेही मिळतात, फोल्डिंग क्लास्पचे (घडी होऊन मिटणाऱ्या धातूच्या बकलचे). त्यांच्या आतल्या बाजूला कापायच्या खाचा असतात. एका वेळी एकच खाच, दोन्ही बाजूंना आलटून पालटून कापा आणि प्रत्येक वेळी घालून पाहा. कात्रीने कड तिरकी जाते. नव्या पात्याचा कटर आणि स्टीलची पट्टी घ्या. रोलेक्सचा ऑयस्टरफ्लेक्स मात्र कापायचा नाही. 2015 मध्ये आलेल्या या पट्ट्याच्या आत टायटॅनियम-निकेल मिश्रधातूची पात असते, आणि तो वेगवेगळ्या लांब्यांमध्ये मिळतो.

आता रबर. दुकानात सगळ्यालाच रबर म्हणतात, पण आतला माल वेगळा असतो. सिलिकॉन मऊ, स्वस्त आणि कातडीला सोसणारं. पण धूळ आणि कपड्याचे धागे ओढून घेतं आणि एकदा बारीक चीर पडली की भराभर फाटतं. शिवाय काळ्या सिलिकॉनचा पट्टा भारी घड्याळाला लावला की जरा खेळण्यासारखाच दिसतो. नैसर्गिक रबर लवचीक, चिवट आणि स्पर्शाला उत्तम. 1980 मध्ये उब्लो या स्विस कंपनीने सोन्याच्या घड्याळाला तेच लावलं होतं. ऊन, ओझोन आणि तेल मात्र त्याला सोसत नाही, कालांतराने भेगा पडतात. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ते टाळावं. काही पट्ट्यांना व्हॅनिलाचा वास येतो, तो रबराचा मूळ वास झाकण्यासाठी घातलेला असतो. पॉलियुरेथेन नवं असताना छान दिसतं, पण ओलाव्याने आतून विघटन होऊन काही वर्षांत तुकडे पडतात.

सध्या भाव आहे तो एफकेएमचा, म्हणजे फ्लुओरोइलॅस्टोमरचा. घाम, सनस्क्रीन, तेल, ऊन कशालाही दाद देत नाही, धूळ कमी पकडतो, रंग टिकतो. हातात घेतलं की सिलिकॉनपेक्षा जड लागतं, हीच त्याची ओळख. एक गोष्ट लक्षात ठेवा: 2024 च्या अखेरीस अमेरिकेतल्या नॉट्रे डेम विद्यापीठातल्या संशोधकांनी 22 पट्ट्यांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्लुओरोइलॅस्टोमरच्या काही पट्ट्यांत त्यांना पीएफएचएक्सए हे सहजासहजी नष्ट न होणारं, ‘फॉरएव्हर केमिकल’ गटातलं रसायन चांगल्याच प्रमाणात आढळलं. ही चिंता वाटत असेल तर चांगल्या प्रतीचं सिलिकॉन किंवा नैसर्गिक रबर घ्या.

पट्टा हातात आल्यावर भोकाजवळ दुमडून बघा. घडीवर पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर माल हलका. आतल्या बाजूला खाचा किंवा उंचवटे हवेत. सपाट पाठीचा पट्टा घामाने चिकटतो आणि कातडी लाल होते.

वजनाचाही विचार करा. स्टीलची साखळी काढली की मनगटाखालचा भार जातो, आणि जड केस, विशेषतः सोन्याची, हात हलला की बाजूला कलंडते. अशा घड्याळाला लगजवळ 4 ते 5 मिमी जाड पट्टा आणि खाली क्लास्प असेल तर तोल राहतो. पातळ, मऊ पट्टा हलक्या घड्याळालाच शोभतो.

बसवताना लगांवर मास्किंग टेप लावा, ओरखडे तिथेच पडतात. घड्याळ मऊ कापडावर पालथं ठेवा. पिन पट्ट्यात घाला, एक टोक छिद्रात टेकवा, दुसरं दुबेळक्या टोकाच्या टूलने दाबून आत सरकवा. ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो आला तरी पिन बसली असं धरू नका: टूल काढा, पट्टा दोन्ही दिशांना हलवा, मग जोराने ओढा. ही ओढाओढ गादीवर धरून करा.

समुद्रातून किंवा तरणतलावातून आलात की गोड्या पाण्याने धुवा. आठवड्यातून एकदा सौम्य साबण आणि मऊ ब्रश, विशेषतः पिनच्या भोकाजवळ. मीठ आणि घाम तिथेच साचतात आणि पिनची स्प्रिंग गंजून आखडते. वर्षातून एकदा पिना बदला. रोजच्या भोकाभोवती केसासारख्या बारीक रेघा दिसू लागल्या तर पट्टाही बदला. बकलचा काटा ओढतो तो तिथेच.